बांबूचा कण पीठ, रवा की शेवई? विघटनशील प्लॅस्टिकमध्ये बांबू मिसळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावचे मोल्डिंगवाले, गगनबावडा-आजऱ्याकडे बांधावर बांबू लावलेले शेतकरी आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणारी इंजिनिअरिंगची मुलं. या तिघांकडून मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. भुगा घेताना "कितीचा मेश?" (म्हणजे चाळणी किती बारीक) एवढंच विचारलं जातं, कण लांबट आहे की गोल, हे कोणी बघत नाही.

हे मिश्रण म्हणजे नक्की काय?

विघटनशील प्लॅस्टिकच्या दाण्यात बांबूचा भुगा किंवा तंतू वितळत्या अवस्थेत मिसळून पुन्हा दाणा पाडायचा आणि तो नेहमीच्या इंजेक्शन मशीनवर चालवायचा. प्लॅस्टिक बहुधा पीएलए असतं. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं आणि त्याची लांब साखळी जोडायची, की पीएलए तयार. ऊसवाल्या जिल्ह्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. पीबीएस आणि पीबीएटी हे त्याचे मऊ भाऊ. पीबीएटी मुख्यतः पेट्रोलियमपासून बनतं, तरीही कुजतं. त्यामुळे 'वनस्पतीपासून बनलेलं' आणि 'कुजणारं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका.

आकार आणि आकारमान यात एवढा काय फरक?

'आकार' हा शब्द आपण दोन्ही अर्थांनी वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कण किती मोठा, हे आकारमान. कण कसा आहे, म्हणजे गोलसर, चपटा की सुईसारखा, हा आकार. स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. पीठ, रवा आणि शेवई एकाच गव्हाचे, पण तिघांची वागणूक सारखी नसते. बांबूतही धूळ असते, रवा असतो, चपटी ढलपी असते, बोटात घुसते ती कूस असते आणि सोललेला तंतू असतो.

मोजायचं असतं ते लांबी भागिले जाडी. गोल कणाचं उत्तर १ येतं, कुशीचं ५ ते १०, आणि नीट सोललेल्या तंतूचं २० च्याही पुढे जातं. या लेखात त्याला 'लांबट-पट' म्हणू.

फक्त आकारानं ताकद कशी बदलेल? माल तर तोच आहे ना?

हा प्रश्न कोल्हापूरकरानं विचारला की मी त्याला उद्यमनगरातलं ओतकाम आठवायला सांगतो. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार, दोन्हींत कार्बन जवळपास तेवढाच असतो. ग्रेमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं, म्हणून कास्टिंग वाकत नाही, तुटतं. मॅग्नेशियम टाकून तेच ग्रॅफाइट गोल गोळ्यांच्या रूपात आणलं की ४००/१५ ग्रेडचा माल तुटण्याआधी १५ टक्के ताणला जातो. रसायन बदललं नाही, आकार बदलला. आपल्या ओतकामवाल्यांना हे पाठ आहे.

बांबूत मात्र हिशेब उलटा आहे, आणि इथेच आपली माणसं चुकतात. ग्रॅफाइट कमकुवत असतं, म्हणून ते गोल असलेलं बरं. पापुद्र्याच्या टोकाशी चीर सुरू होते, गोळीला टोकच नसतं. बांबूचा तंतू प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी बळकट असतो, म्हणून तो लांब असलेला बरा. बळकट वस्तूकडून काम करून घ्यायचं, तर तिला धरायला पुरेशी जागा लागते.

आता आकडे मांडू. ओढ प्लॅस्टिकमधून तंतूत शिरते ती त्याच्या अंगावरून, दोघांमधल्या चिकटीतून. तंतूची ताकद ४०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरा, जाडी ०.२ मिमी आणि चिकट त्याच एककात १०. तंतूची पूर्ण ताकद वापरली जाण्यासाठी लागणारी लांबी म्हणजे ४०० गुणिले ०.२, भागिले १० ची दुप्पट. उत्तर ४ मिमी, म्हणजे लांबट-पट २०. याहून आखूड तंतू तुटत नाही, नुसता उपटून येतो.

बाजारात 'बांबू पावडर' म्हणून मिळणारी कूस साधारण १ मिमी लांब आणि ०.२ मिमी जाड धरा. त्याच हिशेबानं तिच्या मधोमध जास्तीत जास्त १०० चा ताण येतो आणि सरासरी निघते ५०. नुसतं पीएलए स्वतःच ५० ते ७० ला तुटतं! म्हणजे ती कूस भार उचलायला मदत करत नाही, फक्त जागा अडवते. गोल कणाचं तर बोलायलाच नको. 'बांबू घातला आणि पार्ट कमजोर झाला' या तक्रारीमागचं कारण बहुतेक वेळा हे एवढंच असतं.

त्याच सूत्रातून सुटकेचे दोन मार्गही निघतात. जाडी निम्मी केली तर लागणारी लांबीही निम्मी होते, म्हणून बारीक सोललेला आखूड तंतू जाड लांब काडीपेक्षा चांगला. आणि चिकट दुप्पट केली तरी लांबी निम्म्यावर येते.

मग पावडर घालायचीच नाही का?

तसं मुळीच नाही. ताठपणा पावडरनंही वाढतो, कारण बांबूचा तंतू पीएलएपेक्षा कित्येक पट ताठ असतो आणि थोड्या ताणात तो उपटला जात नाही. रोपवाटिकेची कुंडी, पेनस्टँड, पॅकिंगमधला ठोकळा अशा वस्तूंवर ओढ येतच नाही. तिथे पावडर स्वस्त पडते, मोल्डमध्ये नीट वाहते, आणि पृष्ठभागही एकसारखा येतो. हँगर, हँडल, क्लिप, बिजागरीजवळचा भाग अशा जागी मात्र पावडरवर भरवसा ठेवू नका.

साठ मेश मागितला की झालं ना?

नाही. आणि कळकळीनं सांगतो, पैसे वाया जातात ते इथेच. चाळणी कणाची जाडी मोजते, लांबी मोजत नाही. रव्याच्या चाळणीत शेवईचे तुकडे टाकून हलवा. जो तुकडा उभा राहिला तो खाली गेला. ६० मेशचं भोक ०.२५ मिमी असतं. त्यातून ०.२ मिमीचा गोल कणही पडतो आणि दीड मिमी लांबीची कूसही पडते. चाळणी जितका जास्त वेळ हलवाल, तितक्या जास्त कुसा खाली जातात. एकाच पुरवठादाराकडून एकाच मेशच्या दोन पोत्यांचा माल वेगळा वागतो, त्याचं हे एक कारण. मेश नंबर खोटा नसतो, अपुरा असतो.

बघण्याची पद्धत सोपी आहे. काचेच्या पट्टीवर चिमूटभर भुगा टाका, त्यावर पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून एक थेंब सोडा म्हणजे कण मोकळे होतात. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर किंवा मोबाइलला लावायच्या मॅक्रो भिंगातून फोटो घ्या. शेजारी स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवून तिचाही त्याच अंतरावरून एक फोटो घ्या. मग निदान दोनशे कणांची लांबी आणि जाडी मोजा. दोन तासांचं काम आहे. नजरेला लांब कुसा आधी दिसतात, म्हणून मनाला येतील ते न मोजता एका टोकापासून ओळीनं मोजत जा.

कोणत्या यंत्रातून कसा कण मिळतो?

हॅमर मिल बांबूला ठोकते. बांबू मुळातच उभा चिरतो, म्हणून तिथून कुसा निघतात. जाळी जितकी बारीक, तितका कण आत जास्त वेळ फिरतो आणि आखूड होतो. चाकूच्या कटरमधून चौकोनी तुकडे आणि ढलप्या येतात. बॉल मिल शेवटी सगळ्याची गोलसर धूळ करते. करवतीखालचा भुसा म्हणजे तंतू आडवे कापून झालेला रवा. तो फुकट मिळतो म्हणून सगळे तिकडे वळतात, पण ताकदीसाठी त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

लांबट-पट हवा असेल तर बांबू आधी ओला करून रोलरमध्ये चेपायचा, मग सोलायचा. बुरूड समाजातल्या कारागिरांना हे सांगावं लागत नाही. सूप किंवा टोपली विणायला पाती काढताना ते बांबू त्याच्या रेषेनं फाडतात, रेषेच्या आडवे कधी जात नाहीत. यंत्र निवडताना त्यांच्या हातातला कोयता डोळ्यांसमोर ठेवा.

बांबूच्या सगळ्या भागाचा भुगा सारखाच का?

नाही. कळकाचा आडवा छेद उन्हात धरून बघा. बाहेरच्या सालीजवळ गडद ठिपके दाटीनं बसलेले दिसतात आणि आतल्या पोकळीकडे ते विरळ होत जातात. ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. मधला फिकट भाग म्हणजे मऊ पेशी. या मऊ पेशी दळल्या की विटेच्या चुऱ्यासारखे आखूड कण होतात, आणि पिठूळ स्टार्च असतो तोही त्यांच्यातच. त्या स्टार्चवरच भुंगा पडतो. चाळताना सगळ्यात खाली जमणारी धूळ मुख्यतः याच भागाची असते. ती वेगळी काढली तरी उरलेल्या मालाचा लांबट-पट वर जातो, वेगळं यंत्र लागत नाही.

बाहेरच्या सालीत सिलिका असते. ती मशीनचा स्क्रू आणि त्याभोवतीची नळी (बॅरल) घासते, शिवाय सालीवरच्या मेणामुळे प्लॅस्टिक तिला चिकटत नाही. साल खरवडून घ्या. पेऱ्यांजवळ तंतू वाकडेतिकडे जातात, म्हणून तंतू काढायचा तर पेरं कापून टाकावं.

जितका लांब तंतू तितकं चांगलं, मग दहा मिमीचा का नको?

कागदावर चांगलं, हॉपरमध्ये (मशीनवरच्या माल ओतायच्या नरसाळ्यात) वाईट. लांब तंतू कापसासारखा फुगतो, हॉपरच्या गळ्याशी कमान धरतो आणि खाली उतरतच नाही. माणूस काठीनं ढोसत बसतो आणि दर मिनिटाला मिश्रणाचं प्रमाण बदलतं. त्यातून आत गेलाच, तर स्क्रूच्या घासणीत तुटतो. मिश्रण वितळवून दाणा पाडणाऱ्या एक्स्ट्रूडरमध्ये एकदा, इंजेक्शनच्या बॅरलमध्ये दुसऱ्यांदा आणि मोल्डच्या बारीक गेटमधून (प्लॅस्टिक आत शिरायच्या तोंडातून) जाताना तिसऱ्यांदा. म्हणून पोत्यातली लांबी आणि पार्टमधली लांबी यांत मोठं अंतर पडतं, आणि ताकद ठरते ती पार्टमधल्या लांबीवर.

पार्टमध्ये काय उरलं, हे बघता येतं. पीएलए क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, बांबू विरघळत नाही. पार्टचा तुकडा विरघळवून गाळला, की गाळणकागदावर जसेच्या तसे कण राहतात. हे काम कॉलेजच्या रसायनशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटातच करा, वर्कशॉपमध्ये नको. मी पहिल्यांदा ते कण भिंगाखाली पाहिले तेव्हा हिरमुसलो होतो. बोटाच्या पेराएवढे तंतू घातले होते आणि परत मिळाला जवळपास रवा. त्यानंतर स्क्रूचे फेरे कमी केले, मागचा दाब कमी केला आणि गेट मोठा करून घेतला. एक्स्ट्रूडरला बाजूनं फीडर असेल तर बांबू तिथून सोडा. प्लॅस्टिक आधी वितळलेलं असलं की तंतूला मार कमी बसतो.

किती टक्के घालावा?

सुरुवात वजनानं २० टक्क्यांवर करा. पावडर ३० ते ४० पर्यंत जाऊ शकते. लांबट कण आधीच एकमेकांत अडकतात, त्यामुळे त्यांची मर्यादा लवकर येते, आणि मोल्ड अर्धवट भरू लागला की ती गाठली असं समजा. फार बारीक धुळीचीही वेगळी अडचण आहे. कणाची जाडी निम्मी झाली की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि तो सगळा प्लॅस्टिकनं भिजवावा लागतो. ओतकामाच्या वाळूत बारीक धूळ वाढली की रेझिन जास्त लागतं, तसंच. भिजलं नाही की गुठळ्या राहतात, आणि पार्ट गुठळीपाशीच तुटतो.

पीएलए घ्यावं की पीबीएस?

पीएलए ताठ पण ठिसूळ. पीबीएस मऊ, चिवट, साधारण ११५ अंशाला वितळतं, त्यामुळे बांबू करपण्याची भीती कमी. पीएलए १५० ते १८० च्या दरम्यान वितळतं, आणि २०० च्या वर बांबू तपकिरी पडून जळका वास सोडतो. हातात उरतं ते हे मधलं अरुंद अंतर. मऊ प्लॅस्टिकमध्ये कणाचा आकार जास्त उठून दिसतो, कारण तिथे भार उचलण्याचं काम जवळपास सगळं तंतूवरच पडतं. पडली तरी फुटू नये अशी वस्तू हवी असेल, तर पीएलएमध्ये थोडं पीबीएस किंवा पीबीएटी मिसळून घ्या.

पावसाळ्यात माल बिघडतो, काय करावं?

कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर या कामाची परीक्षा घेतो. हवेतला बांबू वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो, पावसात त्याहूनही जास्त. ती ओल गरम बॅरलमध्ये वाफ होते आणि पार्टवर चंदेरी रेघा, आत पोकळ्या दिसतात. न दिसणारं नुकसान मोठं आहे. पीएलएची साखळी गरम पाण्यानं तुटते. दाणा पातळ वाहू लागतो, मोल्ड सहज भरतो, ऑपरेटर खूश होतो आणि पार्ट बिस्किटासारखा तुटतो.

आकाराचा संबंध इथेही आहे. लांब तंतूत उभ्या नळ्या शाबूत असतात, ओल आत खोलवर बसते आणि सुकायला वेळ लागतो. बांबू १०० अंशांच्या आसपास रात्रभर सुकवा, गरम असतानाच हवाबंद पिशवीत भरा. पोतं उघडं ठेवून जेवायला गेलात तर तो पुन्हा ओल पितो. तयार दाणा सुकवताना एक काळजी घ्या. पाण्यात झटकन थंड केलेला पीएलएचा दाणा ८० अंशांच्या ड्रायरमध्ये एकदम टाकला तर मऊ पडून ढेकूळ होतो. आधी ५० अंशांच्या खाली बराच वेळ सुकवा.

चिकट वाढवायला काय करतात?

साधारण ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बांबू भिजवून धुतात. मेण आणि काही हेमिसेल्युलोज निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि जुडग्यातून बारीक तंतू सुटे होतात. म्हणजे चिकट वाढते आणि जाडीही कमी होते, वरच्या सूत्रातले दोन्ही मार्ग एकदम साधतात. पण जास्त वेळ ठेवलं तर तंतूच कमजोर होतो. सोड्याचं पाणी उदासीन केल्याशिवाय गटारात सोडू नका, ते शेवटी पंचगंगेतच जातं. दुसरा उपाय दोघांना जोडणाऱ्या रसायनांचा, म्हणजे सिलेन किंवा मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेल्या पीएलएचा. खर्च वाढतो, पण धुण्याचं पाणी वाचतं.

बांबू घातल्यावर गरम चहा चालेल?

नुसत्या बांबूनं नाही. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडतं आणि बांबू ते तापमान बदलत नाही. पीएलएचे स्फटिक वाढवले, म्हणजे योग्य मिश्रक घालून गरम मोल्डमध्ये थोडा वेळ ठेवलं, तरच कप टिकतो. बाजारात 'बांबूचे कप' म्हणून मिळणारे बरेच कप मेलामाइन रेझिनमध्ये बांबूचा भुगा घालून केलेले असतात. ते कुजत नाहीत, आणि गरम पेयात त्यातून मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड उतरू शकतं. असल्या मालाविरुद्ध युरोपीय संघानं २०२१ मध्ये मोहीम काढली होती. आपला माल त्या रांगेत जाऊ नये एवढी काळजी घ्या.

कणाच्या आकारानं कुजण्यात फरक पडतो का?

पडतो. लांब तंतू एकमेकांना टेकले की पृष्ठभागापासून आतपर्यंत पाण्याची वाट तयार होते, आणि त्या वाटेनं बुरशी व जिवाणू शिरतात. प्लॅस्टिकनं चारी बाजूंनी झाकलेला गोल कण पाण्यापासून बराच काळ दूर राहतो. त्याच वाटेमुळे वापरात असताना वस्तू फुगते आणि कडा खरखरीत होतात, म्हणून पाण्यात राहणाऱ्या वस्तूला लांब तंतू घालताना दोनदा विचार करा.

पण शेताच्या बांधावर पुरलं की पीएलए दोन महिन्यांत माती होईल, असं कुणाला सांगू नका. त्याला औद्योगिक कंपोस्टची ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते. रंकाळ्यात पडलं तर ते तसंच राहील. भारतात 'कंपोस्टेबल' म्हणून विकायचं तर माल आयएस/आयएसओ १७०८८ मध्ये बसला पाहिजे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. प्लॅस्टिक कंपोस्टेबल असलं म्हणून बांबू घातलेली तयार वस्तूही आपोआप तशी ठरत नाही. भिंतीची जाडी बदलली तरी निकाल बदलतो.

दळताना काही धोका?

बारीक कोरडी धूळ हवेत पसरली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. धूळ ओढणारी यंत्रणा, अर्थिंग आणि मास्क याशिवाय मिल चालवू नका. ओतकामाच्या भट्टीशेजारी तर कधीच नको.

आमच्या बेटातला बांबू चालेल का?

गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातला माणगा किंवा मानवेल, दोन्ही चालतील. दोन्ही बऱ्यापैकी भरीव असतात, त्यामुळे एका काठीतून जास्त माल निघतो. जातीपेक्षा वय आणि तोड महत्त्वाची. तीन वर्षं पुरी झालेली काठी घ्या. कोवळ्या काठीचे तंतू भरलेले नसतात आणि दळल्यावर चुराच जास्त होतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडा, तेव्हा स्टार्च कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. वनकायद्यात २०१७ च्या दुरुस्तीनं बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे जंगलाबाहेरचा स्वतःच्या रानातला बांबू तोडणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

तोडल्यावर काठ्या लगेच भुगा करून विकू नका. पेरं काढा, साल खरवडा, उभ्या चिरून सावलीत वाळवा आणि त्या चिपा विका. भुगा एकदा गोल झाला की पुन्हा लांब करता येत नाही. चिपांपासून मात्र घेणारा त्याला हवा तो कण काढू शकतो, आणि भावाची बोलणी करताना तुमच्या हातातही काहीतरी राहतं.